कढीपत्ता पिवळा पडला? आधी पान वाचा, मग औषध शोधा



दारात तुळस आणि परसात कढीपत्ता नाही असे घर आपल्या मुलखात विरळाच. कोणी त्याला कढीलिंब म्हणते, कोणी गोडलिंब, तर विदर्भाकडे गोडनिंब. पोह्यांची फोडणी असो, आमटीची असो की कढीची, त्याची एक काडी तेलात पडली की सगळ्या घराला जेवणाची वेळ कळते. हे झाड फारसे काही मागत नाही, म्हणून आपणही त्याच्याकडे फारसे बघत नाही. मग एके दिवशी त्याची पाने पिवळी दिसू लागतात आणि घरात धावपळ सुरू होते.

नेहमी घडते ते असे. पान पिवळे दिसले की घरातली एक व्यक्ती म्हणते, पाणी कमी पडले. आणि बादलीभर पाणी ओतते. दुसरी म्हणते, खत नाही. आणि मूठभर युरिया बुडाशी टाकते. आठ दिवसांत पाने आणखी पिवळी होतात. मग तिसरा माणूस कपाशीच्या फवारणीतून उरलेली बाटली काढतो आणि पंपात चमचाभर टाकून कढीपत्त्यावर मारून मोकळा होतो. झाड जगले तर औषधाचा गुण, मेले तर झाडाचे नशीब! आणि त्याच झाडाची काडी दुसऱ्या दिवशी लेकरांच्या आमटीत पडते, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ताप हा जसा रोग नव्हे, रोगाचे लक्षण आहे, तसेच पानाचा पिवळेपणा हे लक्षण आहे. ताप सर्दीने येतो, हिवतापानेही येतो. दोन्हीला एकच गोळी देणारा वैद्य आपण शहाणा मानणार नाही. कढीपत्त्याच्या पिवळेपणामागेही पाच-सात वेगवेगळी कारणे असतात. त्यातल्या बहुतेकांना विषारी औषध लागतच नाही. कोणते कारण आहे, ते पान स्वतःच सांगते. ते वाचायला फक्त शिकले पाहिजे. मोठ्या शाळेची गरज नाही. नजर आणि पाच मिनिटे एवढे पुरे.

झाडाचा स्वभाव ओळखा

कढीपत्ता हा आपल्याच देशाचा, उष्ण हवेचा रहिवासी. लिंबू, संत्रा, मोसंबी यांच्याच कुळातला. म्हणून लिंबाच्या झाडाला जे दुखणे होते, त्यातले पुष्कळसे यालाही होते. त्याला ऊन हवे, निचऱ्याची जमीन हवी, आणि मुळाशी हवा खेळती हवी. थंडी आणि साचलेले पाणी ही दोन्ही त्याला सोसत नाहीत.

एक गमतीची गोष्ट सांगतो. आपण जिला कढीपत्त्याची काडी म्हणतो, ती काडी म्हणजे खरे तर एकच पान आहे. तिच्यावरची वीसेक लहान पाने म्हणजे त्या एका पानाचे भाग. म्हणून या लेखात 'खालचे पान' आणि 'शेंड्याचे पान' म्हणेन, तेव्हा ती अख्खी काडी समजावी.

पूर्वी हे झाड परसात मोरीच्या कडेला, मोकळ्या जमिनीत असे. आता खेड्यातही अंगणात फरशी आली, आणि कढीपत्ता कुंडीत, फुटक्या बादलीत, तेलाच्या डब्यात नाहीतर प्लॅस्टिकच्या पिंपात गेला. कुंडीतल्या झाडाची गत खुंट्याला बांधलेल्या जनावरासारखी असते. रानात सोडलेले जनावर आपले चरून येते. बांधलेल्याला आपण जे घालू तेच. म्हणून पिवळेपणाच्या तक्रारी कुंडीतल्या झाडांच्या अधिक.

तीन प्रश्न विचारा

झाडापाशी उभे राहून पहिला प्रश्न विचारा: पिवळी पडली ती खालची जुनी पाने, की शेंड्याची कोवळी?

दुसरा प्रश्न: पिवळेपणा कसा आहे? पान सगळे एकसारखे पिवळे आहे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा आहे? की फक्त कडा करपल्या आहेत, की ठिपके आहेत?

तिसरा प्रश्न: माती ओली आहे की कोरडी? वरून बघून सांगू नका. बोट दोन पेरे मातीत घाला. वरची माती वाळलेली आणि खाली चिखल, असे नेहमी आढळते.

या तीन उत्तरांवर निम्म्याहून अधिक निदान होते. कसे, ते आता एकेक करून पाहू.

खालची पाने पिवळी, शेंडा हिरवा

घरात धान्य कमी पडले की वडीलधारी माणसे आपल्या ताटातले काढून लेकरांच्या ताटात वाढतात. झाडाचेही तसेच आहे. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना देते. त्यामुळे खालची पाने आधी फिकी हिरवी, मग एकसारखी पिवळी होतात आणि गळतात. शेंडा त्या मानाने हिरवा राहतो, पण वाढ मंदावते आणि नवीन काड्या आखूड निघतात.

कढीपत्त्याला नत्राची तूट लवकर येते, कारण आपण त्याची पानेच खातो. आंब्याचे फळ नेले तरी पाने झाडावर राहतात. इथे रोज पाने तोडायची आणि बदल्यात काही घालायचे नाही, असा व्यवहार किती दिवस चालणार?

उपाय सोपा आहे. कुंडीत महिन्याला दोन मुठी गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत वरच्या मातीत खुरप्याने मिसळा. परसातल्या झाडाला पावसाळ्याच्या तोंडाशी एक-दोन घमेली शेणखत द्या. अगदीच निकड असेल तर चहाचा अर्धा चमचा युरिया दोन लिटर पाण्यात विरघळवून, माती आधी ओली करून, मग द्या. आणि महिनाभर पुन्हा देऊ नका. युरियाचा दाणा कोरड्या कुंडीत मूठभर टाकणे म्हणजे झाडाच्या मुळावर निखारा ठेवणे. शेतात एकराला गोणी टाकणाऱ्या हाताला कुंडीचे माप कळत नाही, म्हणून येथे चमचाच वापरावा. ताजे शेणही कुंडीत घालू नये; ते कुजताना तापते आणि मुळे होरपळतात.

मात्र खालची दोन-चार पाने पिवळी होऊन गळणे हे प्रत्येक वेळी दुखणे नसते. पान म्हातारे होते आणि गळते. त्यातून मार्गशीर्ष-पौषात, थंडी पडली की कढीपत्ता बरीच पाने पिवळी करून टाकतो आणि नवी फूट थांबवतो. या झाडाची विश्रांतीची ती वेळ आहे. जातीजातीतही फरक असतो. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या डीडब्ल्यूडी-१ आणि डीडब्ल्यूडी-२ या दोन जातींपैकी पहिली थंडीला अधिक हळवी आहे. अशा दिवसांत खत-पाण्याचा मारा केला तर झोपलेल्याला जबरदस्तीने जेवू घातल्यासारखे होते. पाणी कमी करा, झाड उन्हाच्या जागी ठेवा आणि वाट पाहा. माघ-फाल्गुनात ऊब आली की फूट आपोआप येते.

पाने पिवळी, लोंबलेली, आणि माती ओली

कुंडीतला कढीपत्ता मरतो तो बहुधा तहानेने नव्हे, पाण्याने. घरात चार माणसे आणि चौघांनाही झाडाची माया. प्रत्येकजण येता-जाता तांब्याभर पाणी घालतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, तपकिरी होऊन कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानलेल्यासारखे मान टाकते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, आणि खेळ संपतो.

ओळख अशी: पाने पिवळी व मऊ पडून लोंबतात, माती आतून ओली असते, तिला आंबूस वास येतो. तहानेने सुकलेल्या झाडाची पाने मात्र कडेने कुरकुरीत होतात, कुंडी उचलल्यास हलकी लागते आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते. दोन्हींत पान पिवळे पडते, उपाय मात्र अगदी उलटा!

पाणी साचण्याचे एक कारण आपण शेतकरीच निर्माण करतो. कुंडी भरायला शेतातली भारी काळी माती आणतो. शेतात ती माती सोने आहे, कारण तिथे खाली खोलवर जागा आहे, भेगा आहेत, गांडुळे आहेत. कुंडीत तीच माती पाण्याने लोण्यासारखी बसते आणि वाळली की दगडासारखी होते. कुंडीसाठी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. तळाला भोक हवेच; त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. कुंडी फरशीवर टेकलेली असेल तर खाली दोन विटा द्याव्यात, नाहीतर भोक असून नसल्यासारखे होते.

जादा पाण्याने झाड बिघडले असेल तर आधी पाणी थांबवा. भोक बुजले आहे का पाहा, काडीने मोकळे करा. झाड फारच खालावले असेल तर मातीच्या गोळ्यासह काढून, काळी मऊ झालेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून, नव्या मिश्रणात लावा आणि आठ दिवस सावलीत ठेवा. तेवढ्या काळात खत अजिबात नको. पुढे पाणी रोज घड्याळ बघून देऊ नका. बोट दोन पेरे घाला; कोरडे लागले तर भोकातून पाणी येईपर्यंत द्या, ओले लागले तर पुढे जा. वैशाखात हे रोज लागेल, पौषात चार-पाच दिवसांनी.

शेंडा पिवळा, शिरा हिरव्या

आता दुसरी बाजू. खालची पाने चांगली हिरवीगार आहेत, पण शेंड्याची नवी पाने पिवळी निघतात. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू हिरव्या दोऱ्याची जाळी. फार झाले तर नवी पाने पांढुरकी होऊन करपतात. ही लोहाची कमतरता. नत्रासारखे लोह एका पानातून दुसऱ्यात जात नाही. जुन्या पानात गेलेले लोह भिंतीत चिणलेल्या दगडासारखे तिथेच बसते. म्हणून तूट आली की ती नव्या पानात दिसते.

आपल्या जमिनीत लोह मुळात कमी नसते. अडचण असते ती चुन्याची. महाराष्ट्राच्या पुष्कळ काळ्या जमिनींत चुनखडी आहे. माती विम्लधर्मी झाली, म्हणजे तिचा सामू साडेसातच्या वर गेला, की लोह मातीला धरून बसते. मुळाला ते घेता येत नाही. कोठीत धान्य आहे, पण कोठीला कुलूप, अशी ती गत.

घरच्या घरी एक परीक्षा करा. वाळलेल्या मातीचा चमचाभर नमुना बशीत घ्या आणि त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे येऊन मातीतून सूंसूं आवाज आला तर मातीत चुना आहे असे समजा.

हे कुलूप आपणही नकळत घट्ट करतो. पहिली सवय राखेची. चुलीतली राख रोज कढीपत्त्याच्या बुडाशी टाकण्याची रीत आहे. राखेत पालाश असते हे खरे, पण ती तीव्र विम्लधर्मी असते. अधूनमधून चिमूटभर ठीक. रोजचे टोपले नको. दुसरी सवय मोरीची. पूर्वीपासून कढीपत्ता मोरीच्या पाण्यावर वाढत आला, म्हणून आजही आपण तेच करतो. पण आज त्या पाण्यात धुण्याची पावडर असते, आणि पावडरीत सोडा. त्या पाण्याने माती दिवसेंदिवस अधिक विम्ल होते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी घाला, चांगलेच; कपडे-भांड्यांचे साबणाचे पाणी मात्र दुसरीकडे वळवा. तिसरे कारण बोअरचे जड पाणी. त्यात चुना व क्षार असतात. वर्षानुवर्षे घातल्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो.

यावर उपाय हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेट. कृषी सेवा केंद्रात ते मिळते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस मिसळा. फडक्याने गाळून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानांच्या वरून-खालून बारीक फवारा. द्रावण ताजेच वापरावे. ते गंजासारखे तांबूस झाले तर टाकून द्यावे. आधी एकाच फांदीवर फवारून पाहा. आठ-दहा दिवसांत जिथे थेंब पडले तिथे पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटले, तर निदान बरोबर आहे. मग सगळ्या झाडावर दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारा. फवारणीआधी घरात लागेल तेवढा पाला तोडून घ्या, आणि नंतर आठवडाभर तोडू नका. हिराकशीची पुडी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा; पोटात गेल्यास ती घातक आहे.

मातीत नुसती हिराकस टाकली तर चुना तिला लगेच धरतो. म्हणून परसातल्या मोठ्या झाडाला एक घमेले कुजलेल्या शेणखतात ५० ग्रॅम हिराकस मिसळून, बुडापासून वीतभर दूर गोलाकार चर काढून द्यावी. शेणखतातली आम्ले लोहाला काही काळ मोकळे ठेवतात.

आंबट ताक घालण्याची जुनी रीत अनेक घरांत आहे. ती अगदीच खुळी नाही. ताकाच्या आंबटपणाने चुन्याची पकड थोडी सैल होते. पण एक वाटी ताकात चार-पाच वाट्या पाणी घालून, महिन्यातून एक-दोन वेळाच द्यावे. घट्ट ताक ओतल्यास मातीवर बुरशी येते आणि मुंग्या लागतात. बुडाशी गंजलेले खिळे पुरण्याचा मात्र काही उपयोग नाही. गंजलेले लोखंड म्हणजे कुलूपबंद लोहच.

एक सावधगिरी. साचलेल्या पाण्यानेही मुळे लोह घेऊ शकत नाहीत आणि शेंडा असाच पिवळा दिसतो. म्हणून हिराकस आणायच्या आधी बोट मातीत घालायला विसरू नका.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, कडा करपलेल्या

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पण हे शेंड्याला न दिसता खालच्या पानांत दिसत असेल, तर ती मॅग्नेशियमची तूट. जास्त पाणी वाहून जाणाऱ्या हलक्या मातीत आणि जुन्या कुंडीत ती येते. मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून पंधरा दिवसांनी दोन वेळा फवारावे.

खालच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन मग भाजल्यासारख्या करपत असतील तर पालाश कमी पडले असावे. पण कुंडीच्या कडेला पांढरा थर असेल आणि पानांची टोके तपकिरी होत असतील, तर दोष साठलेल्या क्षारांचा. अशा वेळी खत घालणे म्हणजे जखमेवर मीठ. वरचा पांढरा थर खरवडून टाका आणि कुंडीत दोन-तीन वेळा भरपूर गोडे पाणी ओतून भोकातून वाहून जाऊ द्या. पावसाळ्यात कुंडी वळचणीतून काढून उघड्या पावसात ठेवली तर हे काम वरुणराजा फुकट करतो.

ठिपके, जाळी आणि काजळी

पान दुरून फिकट दिसते, जवळून पाहिले तर सुईने टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके. हे कोळ्याचे काम. उन्हाळ्यात, कोरड्या हवेत, भिंतीच्या झळईत ठेवलेल्या झाडावर तो वाढतो. पांढरा कागद पानाखाली धरून काडी झटका; कागदावर टाचणीच्या टोकाएवढे कण चालू लागले तर कोळी नक्की. साध्या पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने तीन-चार दिवसाआड मारला तर तो बराच आटोक्यात येतो.

कोवळा शेंडा वाकडा होऊन पाने चुरगळली, पिवळी पडली, आणि त्यावर पांढरे मेणचट धागे दिसले, तर ती सायला कीड. लिंबू, संत्रा, मोसंबीवरची हीच ती सायला. ज्यांची बाग आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बागेत सायला मारायची आणि घराजवळच्या कढीपत्त्यावर तिला पोसायची, असे झाले तर कीड परत बागेत येणारच; आणि संत्रावर्गीय फळझाडांतला ग्रीनिंग रोग हीच कीड पसरवते. किडलेले शेंडे वीतभर छाटून जाळून टाका.

फांदीवर कवचासारखे ठिपके म्हणजे खवले कीड. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. या किडींच्या गोड चिकट विष्ठेवर काळी बुरशी चढते. संत्र्याच्या बागेत जिला कोळशी म्हणतात तीच. पाने काळी दिसतात आणि ऊन न मिळाल्याने फिकी पडतात. मुंग्यांची रांग झाडावर दिसली की ही कीड शोधावी. जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्या घासाव्यात, मग स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. काळी बुरशी त्यापाठोपाठ जाते.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी गोल डाग आणि त्याभोवती पिवळे कडे दिसले तर तो बुरशीचा करपा. डागाळलेल्या काड्या तोडा, खाली पडलेला पाला वेचून जाळा, दाटी झालेल्या फांद्या विरळ करा, आणि संध्याकाळी पानांवरून पाणी घालणे बंद करा. वारा खेळू लागला की रोग मागे हटतो.

कीड फारच वाढली तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. वाटलेली निंबोळी ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळले की अर्क तयार. फवारल्यावर दहा दिवस पाला तोडू नये; नाहीतर आमटी कडू होईल.

उरलेली बाटली कढीपत्त्यावर नको

आता सर्वांत महत्त्वाचे. शेतातल्या फवारणीतून उरलेले कीटकनाशक कढीपत्त्यावर मारू नका. पुष्कळ औषधे आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती पानावर न राहता पानाच्या रसात शिरतात आणि झाडभर फिरतात. असे पान तीन पाण्यांनी धुतले तरी आतले विष धुतले जात नाही. कपाशीचे बोंड आपण खात नाही. कढीपत्ता आज तोडतो आणि आजच फोडणीत टाकतो. मध्ये एक दिवसाचाही अवकाश नसतो.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला सरकारने २००५ सालीच मनाई केली होती. भारतातून युरोपात जाणाऱ्या कढीपत्त्यात औषधांचे अंश सापडू लागल्यामुळे २०१० नंतरच्या दशकात तिकडे त्याची खास तपासणी सुरू झाली. परदेशातला माणूस जो पाला तपासल्याशिवाय घेत नाही, तो आपण आपल्या मुलांना न तपासता का खाऊ घालावा? आणि फवारणाऱ्याच्या जिवाचे काय, तेही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती मोकळ्या रानातली गोष्ट होती. घराच्या दारात, जिथे पाण्याचा माठ आहे, पाळणा आहे, कोंबड्या फिरतात, तिथे तो पंप आणूच नये.

एक कढीपत्त्याचे झाड गेले तर पन्नास रुपयांत नवे रोप येईल. झाड वाचवण्याच्या नादात घराची तब्येत पणाला लावू नका.

दुखणे येऊच नये म्हणून

बरे करण्यापेक्षा सांभाळणे स्वस्त. वर्षाचा एवढाच नेम ठेवा.

माघ-फाल्गुनात, थंडी सरताना, उंच वाढलेल्या फांद्यांचे शेंडे छाटा. झाड बुटके आणि दाट होते. छाटणीनंतर शेणखत द्या.

उन्हाळ्यात बुडाशी वाळलेल्या पाल्याचे किंवा भुश्याचे आच्छादन घाला. कुंडी दुपारच्या झळईपासून थोडी आत सरकवा.

मृगाच्या सुमारास, दोन-तीन वर्षांतून एकदा कुंडी बदला. भोकातून मुळे बाहेर डोकावू लागली म्हणजे घर लहान झाले असे समजा. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबत नाही ना, ते पाहत राहा.

हिवाळ्यात पाणी कमी, खत बंद.

पाला तोडताना नुसती पाने ओरबाडू नका. अख्खी काडी बुडापासून अलगद मोडा, साल सोलू देऊ नका. लहान रोपाची पाने पहिले वर्षभर तोडूच नयेत. आणि आठवड्यातून एकदा पानाची खालची बाजू पाहण्याची सवय घरातल्या पोराबाळांना लावा. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा तेज असतात, आणि ओळखायला शिकलेले मूल उद्या शेतातले पीकही तसेच पाहील.

ही परीक्षा कढीपत्त्यापुरती नाही. जुने पान आधी पिवळे की नवे, हा प्रश्न लिंबाला, मोसंबीला, उसाला, भुईमुगाला, कुंडीतल्या जास्वंदीला सर्वांना लागू पडतो. ज्यांच्या परसातल्या कढीपत्त्याचा शेंडा हिरव्या शिरांनी पिवळा पडतो, त्यांनी आपल्या शेताची माती एकदा तपासून घ्यावी. परसातली आणि शेतातली माती पुष्कळदा एकच असते. परसातले झाड आधी बोलते, एवढेच.

सगळे करूनही उलगडा झाला नाही तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे जा. जाताना एक पिवळे पान खिशात घालून नेऊ नका. खालच्या जुन्या पानापासून शेंड्यापर्यंतची एक पूर्ण फांदी कागदात गुंडाळून न्या, बुडाची मूठभर माती न्या, आणि पाणी कोणते, किती व कधी घालता, काय काय टाकले, ते खरे खरे सांगा. मोबाईलवर फोटो पाठवत असाल तर अख्खे झाड, जुने पान, नवे पान आणि पानाची खालची बाजू, असे चार फोटो पाठवा. पान आणि माती दोन्ही समोर असली की सांगणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही, आणि तुम्हाला औषधावर विनाकारण पैसे खर्चावे लागत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी पिवळे पान दिसले, तर हात बादलीकडे, गोणीकडे की बाटलीकडे जाण्याआधी बोट मातीत घाला आणि पान उलटून पाहा.